बैलजोडी, सर्व्हो मोटर आणि माझ्या प्रकरणातली एक चूक

मागचे काही लेख कागदपत्रं कशी वाचायची, टिपणं कशी ठेवायची यावर होते. आजची गोष्ट पत्र्याच्या शेडमधली आहे. माझ्या प्रबंधाचं एक आख्खं प्रकरण मला का बदलावं लागलं, ते सांगते. ज्यांना पुढे संशोधनात यायचंय त्यांनी मोटरींचा तपशील थोडा सोसावा. तो कळल्याशिवाय चूक कुठे झाली ते कळणार नाही.

माझं आजोळ मुठा. पिरंगुटहून लवासाच्या रस्त्याला लागलं की टेमघर धरणाच्या अलीकडे हे गाव येतं. तिथे माझा मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, घरामागच्या शेडमध्ये स्वतःसाठी एक सीएनसी राउटर बनवतोय. लाकडी जाळ्या, देव्हाऱ्याच्या कमानी, पाट्या कोरायला. धंदा म्हणून नाही, निदान अजून तरी नाही. दिवसा तो एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. बेड उभा राहिला, बॉलस्क्रू बसले, आणि मग त्याने भंगारातून तीन सर्व्हो मोटरी आणल्या. तिन्हींचे मिळून 18,000 रुपये. ड्राइव्ह मात्र एकही नाही. मशीन तोडणाऱ्याने मोटरी एका ढिगात टाकल्या आणि पॅनेल दुसऱ्याला, तांब्याच्या भावाने विकलं.

मे महिन्यात मी गेले तेव्हा दादा वैतागलेला होता. मामा ओसरीवरून म्हणाला, "अगं, ह्या काय बैल आहेत का, जोडी जमवत बसायला? मोटर म्हणजे मोटर. वीज दिली की फिरायला नको?"

मला हसू आलं. पण माझ्या प्रकरणाला जो प्रश्न मी विचारायला हवा होता, तो मामाने एका वाक्यात विचारला होता. वीज दिली की फिरायला नको? आणि नसेल फिरत, तर हे कधीपासून झालं?

माझं म्हणणं काय होतं

माझा विषय आहे महाराष्ट्रातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये संगणकीय यंत्रं कशी पोचली. तिसऱ्या प्रकरणाचा कच्चा मसुदा मी तेव्हा नुकताच मार्गदर्शकांना दिला होता. त्यातली गोष्ट सरळ होती. 1952 साली अमेरिकेत एमआयटीने पहिलं संख्यात्मक नियंत्रणाचं मिलिंग मशीन लोकांपुढे चालवून दाखवलं. तेव्हा ते हवाई दलाच्या पैशातून झालेलं, कपाटंच्या कपाटं भरतील एवढ्या इलेक्ट्रॉनिक्सचं यंत्र होतं. आणि बरोबर पन्नास वर्षांनी, 2002 साली, त्याच एमआयटीच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यातल्या पाबळला, विज्ञान आश्रमात, फॅब लॅब सुरू झाली. एमआयटीबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. डॉ. श्रीनाथ कालबागांनी 1983 मध्ये सुरू केलेल्या त्या आश्रमात गावातली मुलं संगणकावर आकृती काढून यंत्राकडून कापून घ्यायला लागली.

एवढी सुबक पन्नास वर्षं हाताशी आल्यावर कोण थांबणार? मी लिहून टाकलं: तंत्रज्ञान हळूहळू खुलं होत गेलं. आधी लष्कर, मग मोठे कारखाने, मग लघुउद्योग, मग गाव. काळ जितका अलीकडचा, तितकं यंत्र सामान्य माणसाच्या हातात.

दादाच्या टेबलावरच्या तीन मोटरींनी हे विधान एका संध्याकाळी मोडलं.

तिन्हींपैकी एक जुनी होती. जड, काळी, ब्रश असलेली डीसी सर्व्हो. उरलेल्या दोन अलीकडच्या, हाताएवढ्या, सुबक एसी सर्व्हो. माझी अपेक्षा साहजिक होती की नव्या पटकन चालतील आणि जुनी रडवेल. झालं उलटं. जुनी मोटर दादाने मित्राकडून आणलेल्या, पूर्णपणे दुसऱ्या उत्पादकाच्या डीसी ड्राइव्हवर जोडली, आणि चहा होईपर्यंत ती हुकमात फिरायला लागली. नव्या दोघींना सहा आठवडे लागले.

"जुळणं" म्हणजे नेमकं काय

इथे आपण थांबून तीन प्रश्न वेगळे करू. मोटर आणि ड्राइव्ह जुळतात का, हा एक प्रश्न वाटतो, पण ते तीन आहेत.

पहिला प्रश्न ताकदीचा: व्होल्टेज, करंट आणि भाराचं जडत्व. नव्या मोटरीच्या नेमप्लेटवर 750 वॅट आणि 3000 फेरे प्रति मिनिट एवढंच वाचता येत होतं; बाकी घासलं गेलेलं. पण मोटर मुकी असली तरी तिला बोलतं करता येतं. दादाने तिचा शाफ्ट ड्रिल मशीनने मिनिटाला 600 फेऱ्यांवर फिरवला आणि दोन वायरींमध्ये मीटर लावला. 21 व्होल्ट आले. म्हणजे हजार फेऱ्यांना 35 व्होल्ट. मोटर फिरते तेव्हा ती स्वतःच जनरेटर होऊन उलटं व्होल्टेज तयार करते, आणि ड्राइव्हला त्या व्होल्टेजच्या वर राहून करंट ढकलावा लागतो. शिखरमूल्य धरलं तर 35 चे सुमारे 50 होतात. मग हजार फेऱ्यांपर्यंत 72 व्होल्ट डीसीचा ड्राइव्ह पुरतो. पूर्ण 3000 फेरे हवे असतील तर एकट्या उलट्या व्होल्टेजलाच 150 च्या आसपास लागतात.

दादाला किती हवे होते? बॉलस्क्रूचा पिच 5 मिलिमीटर. मिनिटाला 5 मीटर सरकायचं तर 1000 फेरे. बस्स. 72 व्होल्टमध्ये काम झालं असतं आणि 325 व्होल्टची डीसी लाइन घरच्या शेडमध्ये नाचवायची गरज नव्हती. (तसा मोठा ड्राइव्ह कुणी वापरत असेल तर लक्षात ठेवा: मेन स्विच बंद केल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज काही मिनिटं राहते.)

करंटचंही तसंच. त्याच 35 व्होल्टच्या आकड्यावरून एका अँपिअरला सुमारे 0.58 न्यूटन-मीटर टॉर्क निघतो. 750 वॅटच्या मोटरीचा पूर्ण टॉर्क 2.4 न्यूटन-मीटर, म्हणजे सुमारे 4 अँपिअर. आणि तो टॉर्क 5 मिलिमीटरच्या स्क्रूवर आला की टेबलाला 2,700 न्यूटनच्या आसपास जोर मिळतो. लाकूड कोरायला हा जोर कितीतरी जास्त आहे.

जडत्वाचा हिशेब मला सगळ्यात आवडला. आपल्याला वाटतं की मोटरीला 30 किलोचं टेबल ओढायचं म्हणजे केवढा भार! पण 20 मिलिमीटर जाडीच्या, एक मीटर लांब स्क्रूचं स्वतःचं जडत्व त्या टेबलाच्या सहापट निघतं, कारण स्क्रूच्या एका फेऱ्यात टेबल फक्त 5 मिलिमीटर सरकतं. मोटरीला टेबलापेक्षा स्क्रू फिरवणंच जास्त जड जातं. तरी दोन्ही मिळून भार मोटरीच्या रोटरच्या दीडपटीच्या आसपास होता. पाच ते दहापटीपर्यंत साधारणपणे चालतं, त्यामुळे इथे चिंता नव्हती.

दुसरा प्रश्न वेळेचा: कुठल्या क्षणी कुठल्या वायरीत करंट सोडायचा. तिसरा प्रश्न भाषेचा: मोटर "मी कुठे आहे" हे ड्राइव्हला कसं सांगते, आणि ड्राइव्हला ते कळतं का.

जुन्या मोटरीला फक्त पहिला प्रश्न होता. नव्यांना तिन्ही. हे असं का, ते इतिहासात शिरल्याशिवाय कळत नाही.

जोडी मुळात होती दोन स्वतंत्र यंत्रांची

हॅरी वॉर्ड लिओनार्ड या अमेरिकन अभियंत्याने 1891 च्या सुमारास एक युक्ती काढली. डीसी मोटरीचा वेग हवा तसा बदलायचा तर तिला एक खास जनरेटर जोडा आणि त्या जनरेटरचं चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त करा. लिफ्ट, खाणी, कागदाच्या गिरण्या, सगळीकडे ही पद्धत पुढची कित्येक दशकं चालली. आज ज्याला आपण ड्राइव्ह म्हणतो तो तेव्हा मोटरीएवढाच मोठा, फिरणारा जनरेटर होता. आणि दोघांमध्ये फक्त दोन जाड तारा. व्होल्टेज आणि करंट जमलं की जोडी जमली.

सर्व्हो हा शब्द त्याहून जुना आहे. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को यांनी जहाजाचं सुकाणू वाफेवर वळवण्याच्या यंत्रणेसाठी तो 1873 च्या त्यांच्या ग्रंथात वापरला. सुकाणूवाला चाक जेवढं फिरवेल तेवढंच सुकाणू वळावं, कमी नाही, जास्त नाही. हुकूम आणि प्रत्यक्ष जागा यांतला फरक सतत मोजत राहायचं आणि तो शून्याकडे न्यायचा, ही कल्पना तिथून चालत आलेली आहे.

दुसऱ्या महायुद्धात तोफा फिरवण्यासाठी हीच कल्पना कामाला लागली. एमआयटीची सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळा 1940 ची. हेलिकॉप्टरची पाती बनवणारे जॉन पार्सन्स यांना 1949 मध्ये हवाई दलाचं कंत्राट मिळालं, त्यातलं काम या प्रयोगशाळेकडे गेलं, आणि 1952 चं ते मिलिंग मशीन तयार झालं. मूळ यंत्र सिनसिनाटीचं हायड्रोटेल, आणि त्याचे अक्ष तेलाच्या दाबावर चालायचे. म्हणजे ज्या यंत्राने मी माझं प्रकरण सुरू केलं होतं, त्याच्या अक्षांवर आजच्यासारख्या इलेक्ट्रिक सर्व्हो मोटरी नव्हत्याच! मी हे वाचलेलं होतं, टिपणही होतं. पण माझ्या गोष्टीत त्याला जागा नव्हती, म्हणून डोळ्यांआड झालं.

जपानमध्येही तसंच. फुजित्सूमध्ये सेइउएमोन इनाबा यांच्या गटाने 1956 पासून संख्यात्मक नियंत्रणावर काम केलं. त्यातूनच पुढे 1972 मध्ये फानुक ही वेगळी कंपनी झाली. त्यांची सुरुवातीची ताकद होती इलेक्ट्रो-हायड्रॉलिक पल्स मोटर: एक छोटी विजेची मोटर पल्स मोजून झडप हलवते आणि खरा जोर तेलाचा. मग 1973 चं तेलसंकट आलं. सतत पंप चालू ठेवणारी, वीज खाणारी ही मोटर महागात पडायला लागली. 1974 मध्ये फानुकने स्वतःची यशस्वी मोटर बाजूला ठेवून गेटिस या अमेरिकन कंपनीकडून डीसी सर्व्हो मोटरीचं तंत्र परवान्यावर घेतलं.

दादाच्या शेडमधली काळी मोटर याच वंशातली. हिच्यात ब्रश आणि कम्युटेटर आहेत, म्हणजे कुठल्या क्षणी कुठल्या गुंडाळीत करंट जायचा हे मोटर स्वतःच ठरवते. दुसरा प्रश्न तिच्या पोटातच सुटलेला. मागे टॅकोजनरेटर आहे, जो वेगाच्या प्रमाणात साधं व्होल्टेज देतो. ड्राइव्हला हुकूम मिळतो तोही उणे 10 ते अधिक 10 व्होल्टचा. व्होल्टेज ही अशी भाषा आहे की ती कुणाच्या मालकीची होऊ शकत नाही. म्हणून एका देशाची मोटर, दुसऱ्या देशाचा ड्राइव्ह आणि मुठ्यातला दादा यांचं चहा होईपर्यंत जमलं. एकच काळजी: टॅकोच्या वायरी उलट लागल्या तर मोटर थांबण्याऐवजी सुसाट सुटते. तेवढं त्याने आधीच तपासलं होतं.

ब्रश गेले आणि शहाणपण ड्राइव्हमध्ये गेलं

ब्रशचा त्रास कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा. झिजतात, ठिणग्या टाकतात, कार्बनची धूळ करतात. ब्रश काढायचे तर कम्युटेटरचं काम दुसऱ्या कुणीतरी करायला हवं. त्याचं गणित 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून जर्मनीत तयार होत गेलं. सीमेन्समधले फेलिक्स ब्लाश्के यांचं नाव यात पहिल्यांदा घेतात. रोटरचा कोन माहीत असेल तर तीन फेजमधला करंट असा मांडता येतो की एसी मोटर डीसीसारखी आज्ञाधारक होते. 1980 च्या दशकात त्याला दोन गोष्टींची साथ मिळाली: स्वस्त होत गेलेले मायक्रोप्रोसेसर, आणि निओडिमियमचं जबर चुंबक, जे जपानमध्ये मासातो सागावा यांनी आणि अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधकांनी जवळपास एकाच वेळी, स्वतंत्रपणे शोधलं. मोटर लहान झाली, देखभाल संपली.

पण अट एक आली. ड्राइव्हला रोटरचा कोन कळलाच पाहिजे, आणि तो बरोबरच कळला पाहिजे.

ही अट काय असते ते आम्ही जूनमध्ये पाहिलं. नव्या मोटरीवर दादाने वेगळा एन्कोडर बसवला होता (का, ते पुढे सांगते). एन्कोडरचं शून्य आणि चुंबकाचं शून्य यांतला फरक ड्राइव्हमध्ये भरायचा असतो. हा फरक विजेच्या 90 अंशांनी चुकला तर मोटर नुसती गुणगुणते, जोर शून्य. 180 अंशांनी चुकला तर जोर उलट्या दिशेला लागतो. ड्राइव्ह चूक सुधारायला जितका जोर लावेल तितकी चूक वाढते. आमची 180 ने चुकली होती. स्विच टाकला आणि टेबल धाडकन टोकाला जाऊन आदळलं. कपलिंग फुटलं, लाकडाचा शिकंजा चिरला. कुणाचं बोट तिथे नव्हतं हे नशीब. त्या दिवसापासून लाल इमर्जन्सी बटण हाताशी असल्याशिवाय आणि मोटर स्क्रूपासून सोडवल्याशिवाय पहिली चाचणी नाही, हा दादाचा नियम झाला.

मामा धावत आला. टेबलाकडे बघून म्हणाला, "नवा बैल बुजला वाटतं."

आणि मग भाषा आली

आता तिसरा प्रश्न. दादाला वेगळा एन्कोडर का बसवावा लागला?

एसी सर्व्होच्या सुरुवातीच्या काळात एन्कोडर साधा असायचा. शाफ्ट फिरला की दोन वायरींवर ए आणि बी असे चौकोनी पल्स, फेऱ्याला एक झेड पल्स, आणि रोटरचा ढोबळ कोन सांगायला यू, व्ही, डब्ल्यू. 2500 रेघांचा एन्कोडर असेल तर फेऱ्याला 10,000 मोजण्या, आणि 5 मिलिमीटरच्या स्क्रूवर एक मोजणी म्हणजे अर्धा मायक्रॉन. ऑसिलोस्कोप लावला की हे सगळं उघड दिसतं.

पण यात वायरी फार. प्रत्येक सिग्नलची जोडी धरली तर डझनभर आणि वर. वीज गेली की जागा विसरते, म्हणजे दर वेळी मशीन "होम" करायला लागतं. शिवाय कारखान्यातल्या विद्युत गोंगाटात पल्स चुकले तर कळतही नाही. म्हणून पुढच्या पिढीत एन्कोडरमध्येच चिप बसली. ती जागा मोजते, आकडा तयार करते, चूक तपासायचा कोड जोडते आणि मोजक्या वायरींवरून अंकांच्या भाषेत पाठवते. मोटरीचा प्रकारही तीच सांगते, त्यामुळे ड्राइव्ह आपोआप सगळे आकडे भरून घेतो. बसवणाऱ्याचं काम कमी झालं, चुका कमी झाल्या.

फक्त ही भाषा प्रत्येक उत्पादकाने आपापली केली. काहींनी तिचा तपशील प्रसिद्ध केला, बिससारखा खुला प्रोटोकॉलही आला. पण भंगारातल्या मोटरीच्या नशिबी कुठली भाषा आहे हे तिच्या जन्माच्या वेळीच ठरलेलं असतं. दादाच्या दोन्ही मोटरी अशाच. ताकद जुळत होती, वेळ जुळवता आली असती, पण त्या जे बोलत होत्या ते त्यांच्या मूळ ड्राइव्हशिवाय कुणाला कळत नव्हतं. आणि तो ड्राइव्ह तांब्याच्या भावाने गेला होता.

इथे माझ्यातला अर्धा शिकलेला इतिहासकार लगेच जागा झाला: हे मुद्दाम केलंय! डेव्हिड नोबल यांचं 'फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन' (1984) तुम्ही वाचाल तेव्हा तुमचंही असंच होईल. संख्यात्मक नियंत्रणाला एक पर्याय होता, कुशल कामगाराच्या हाताच्या हालचाली टेपवर नोंदवून पुन्हा चालवण्याचा. तो मागे पडण्यात तंत्राइतकाच व्यवस्थापनाच्या सत्तेचा भाग होता, असं नोबल दाखवतात. पुस्तक जबरदस्त आहे. पण ते वाचून प्रत्येक बंद डब्यात कारस्थान दिसायला लागतं.

दादा मेंटेनन्सचा माणूस. त्याने मला शांतपणे थांबवलं. "तुला वाटतं तसं नाही गं. जुन्या एन्कोडरची एक वायर तुटली की आमची लाइन दोन-दोन तास बंद असायची. हे आलं आणि रात्रीचे फोन कमी झाले." म्हणजे ज्या बदलाने रविवारच्या दादाला अडवलं, त्याच बदलाने सोमवार ते शनिवारच्या दादाला झोप दिली. दोन्ही पुरावेच आहेत. एक घेऊन दुसरा टाकणं म्हणजे संशोधन नव्हे.

केबलचं दुसरं टोक

आता गंमत बघा. मोटर आणि ड्राइव्हमधला सांधा बंद होत होता, त्याच काळात त्याच यंत्राचं दुसरं टोक उघडत होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे निस्टने, 1990 च्या दशकात एक सीएनसी नियंत्रक प्रोग्राम तयार केला. सरकारी काम असल्याने तो सगळ्यांसाठी खुला राहिला, आणि त्यातूनच आजचा लिनक्स-सीएनसी आला. 2009 मध्ये जीआरबीएल आलं, जे काहीशे रुपयांच्या आर्डुइनो बोर्डावर चालतं. दादाच्या शेडमधल्या जुन्या संगणकावर लिनक्स-सीएनसी आहे. एक रुपया न देता.

म्हणजे माझं "हळूहळू खुलं होत गेलं" हे विधान अर्धंच खरं होतं. कंट्रोलरकडून बघितलं तर खुलं झालं. मोटरीकडून बघितलं तर बंद झालं. मी फक्त कंट्रोलरकडून बघत होते, कारण कंट्रोलरची कागदपत्रं मिळतात. प्रोग्रामच्या आवृत्त्या आहेत, मुलाखती आहेत, पाबळची कहाणी लिहिलेली आहे. मोटर आणि ड्राइव्हच्या केबलबद्दल कोण लिहितं? माझ्या साधनांना जे दिसत होतं, त्यालाच मी इतिहास समजले.

पुण्यातच ही अडचण एवढी का

हा भाग आता माझ्या प्रकरणात नव्याने आलाय, म्हणून थोडक्यात. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पिंपरी-चिंचवड-भोसरीचा पट्टा वाढला, टेल्कोने 1960 च्या दशकात पुण्यात स्वतःची यंत्रं बनवणारा विभागही उभारला. पुढे 1991 नंतर आयात सोपी झाली आणि परदेशी सीएनसी यंत्रं, नवी आणि वापरलेलीही, मोठ्या संख्येने आली. आमच्या मुळशीत पिरंगुटच्या परिसरात कारखाने वाढले. यंत्रांचं आयुष्य संपलं की ती मोडीत निघतात. मोडणारा माणूस यंत्र धातूच्या हिशेबाने सोडवतो: बीड वेगळं, तांबं वेगळं, इलेक्ट्रॉनिक्स वेगळं. ज्या दोन वस्तू एकमेकींशिवाय निरुपयोगी, त्या पहिल्या तासात वेगळ्या होतात. मोटरीचा तांबं म्हणून भाव आणि मोटर म्हणून भाव यांत जो फरक आहे, तो बराचसा त्या हरवलेल्या ड्राइव्हचा असतो. दादाला तीन मोटरी 18,000 ला मिळाल्या त्या स्वस्त नव्हत्या, अर्ध्या होत्या.

मसुद्यात काय बदललं

तीन गोष्टी. तुमच्या कामाला उपयोगी पडतील म्हणून लिहिते.

एक, "तंत्रज्ञान" या शब्दाऐवजी मी आता नेमका सांधा लिहिते. सीएनसी खुलं झालं का, हा प्रश्न मोठा आणि पोकळ आहे. कंट्रोलर आणि ड्राइव्हमधला सांधा कधी खुला झाला, ड्राइव्ह आणि मोटरीमधला कधी बंद झाला, असं विचारलं की उत्तराला तारखा लागतात.

दोन, वस्तू हेही साधन आहे, पण तिला प्रश्न विचारायला शिकावं लागतं. ड्रिल लावून मोजलेले 21 व्होल्ट ही माझ्यासाठी आता एखाद्या पत्राइतकीच नोंद आहे. कुणी, केव्हा, कसं मोजलं, हे टिपणात लिहून ठेवलंय.

तीन, सुबक आकडा दिसला की थांबायचं. 1952 आणि 2002, बरोबर पन्नास वर्षं! दोन्ही घटना खऱ्या आहेत. पण त्यांच्यामधली सरळ रेघ मी ओढली होती. मार्गदर्शकांनी मसुद्याच्या त्या पानावर नुसतं एक प्रश्नचिन्ह काढलं होतं. ते कशासाठी होतं, हे मला मुठ्यातून परतल्यावर कळलं.

आणि शेड? दादाने दोन्ही नव्या मोटरींचे मूळ एन्कोडर काढले, साधे 2500 रेघांचे बसवले, 72 व्होल्टचे ड्राइव्ह घेतले. दोन फेजमधून थोडा डीसी करंट सोडला की रोटर एका ठरलेल्या जागी जाऊन अडतो. ती जागा धरून त्याने शून्य नीट जुळवलं. मोटरींची जागा लक्षात ठेवण्याची हुशारी गेली, वेगही दोन तृतीयांश गेला. पण आता त्या कुणाच्याही ड्राइव्हवर चालतील. काळी डीसी मोटर झेड अक्षावर उभी आहे. पावसाळ्यात शेडमध्ये दमट होतं, म्हणून एन्कोडरवर त्याने प्लास्टिकचं झाकण केलंय. ऑगस्टमध्ये पहिली पाटी कोरली, सागाच्या फळीवर, मामाच्या नावाची. वेलांटी जरा जाड आलीये. मामा म्हणतो, राहू दे.

पुढच्या लेखाआधी एक काम करा. तुमच्या घरातल्या, कॉलेजच्या वर्कशॉपमधल्या किंवा ओळखीच्या कारखान्यातल्या एखाद्या जुन्या यंत्राची नेमप्लेट बघा, मालकाची परवानगी घेऊन फोटो काढा, आणि त्यावरून विचारता येतील असे पाच प्रश्न लिहा. उत्तरं नकोत. त्यातला एक तरी प्रश्न असा निघू दे, जो मामाने ओसरीवरून विचारला असता.